तिच्या हातांकडे बघा

डोंगर चढायला घ्या. पायऱ्या अजून झालेल्या नाहीत, खालचा मुंबई-आग्रा रस्ताही नाही. आहे ती गुराख्यांनी पाडलेली वाट आणि वरून येणारा छिन्नीचा आवाज. तुम्ही त्रिरश्मी डोंगरावर आहात. पुढे नाशिककर याला पांडवलेणी म्हणतील, पण पांडवांचं नाव अजून इथे कुणी घेतलेलं नाही. इसवी सनाचं दुसरं शतक नुकतंच लागलंय असं धरू. नहपान राजाचा काळ नेमका कोणता यावर अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत, पण चढ संपेपर्यंत तो वाद बाजूला ठेवा.

आज ज्याला आपण दहा क्रमांकाचं लेणं म्हणतो त्याच्या ओसरीत या. काळा पाषाण नुकताच तासलाय, पायाखाली कपच्या आहेत, हवेत दगडाची भुकटी आहे. भिंतीवर वरच्या अंगाला राजाचा जावई उषवदात याच्या दानांचा लांबलचक लेख आहे. तीन लाख गायी, सोळा गावं, नदीवरचे घाट. शिवाय गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे व्याजाने ठेवलेले ३००० कार्षापण. दोन हजारांवर महिना शेकडा एक, उरलेल्या हजारावर पाऊण, आणि त्या व्याजातून इथल्या भिक्षूंचा खर्च चालायचा. व्याजाचा दरसुद्धा दगडात कोरून ठेवलाय.

आता ओसरीच्या टोकाला असलेल्या खोलीच्या दाराकडे या. वर अगदी छोटा लेख आहे. ही ओवरी दक्षमित्रेचं दान आहे. ती राजा क्षहरात क्षत्रप नहपानाची मुलगी आणि दिनीकपुत्र उषवदाताची कुटुंबिनी. बस, एवढंच.

दक्षमित्रा शक आहे. तिच्या कुळाची मुळं मध्य आशियाच्या गवताळ मैदानांत, घोड्यावर जगणाऱ्या टोळ्यांत. याच टोळ्यांच्या पश्चिमेकडच्या भाऊबंदांना ग्रीक लोक सिथियन म्हणत, आणि त्यांच्यातल्या घोडेस्वार बायकांना पाहून, त्यांच्याबद्दल ऐकून, ग्रीकांनी आपल्या ॲमेझॉन रंगवल्या. पुरुषांशी लढणाऱ्या, पुरुषांविना राज्य करणाऱ्या त्या बायकांच्या कथा आजही जगभर सांगितल्या जातात. त्या कथांना जिथून रंग मिळाला, त्या वंशाची एक लेक तुमच्या नाशिकच्या डोंगरावर स्वतःच्या नावाने एक खोली देऊन गेली आहे.

शेजारच्या कारागिराला त्याच्या कमरेचं नाणं दाखवायला सांगा. नहपानाचं चांदीचं नाणं. राजाच्या मुखाभोवती अक्षरं आहेत ती ग्रीक. अशी तेरा हजारांहून जास्त नाणी १९०६ साली सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला सापडणार आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारलेला असेल. पुढे याच डोंगरावर तीन क्रमांकाच्या लेण्यात त्याची आई, गौतमी बलश्री, मुलाची कीर्ती कोरवून घेईल. शक, यवन आणि पह्लवांचा त्याने नाश केला, क्षहरातांचा वंश उरू दिला नाही, असं ती लिहवून घेते. म्हणजे दक्षमित्रेचं माहेर संपवल्याची नोंद. दोन बायका, एकाच डोंगराच्या पोटात, काही लेण्यांच्या अंतरावर. एकीने निवारा दिला, दुसरीने युद्ध दगडात उतरवलं. आपल्याकडे युद्धाचा हा इतका जुना वृत्तांत एका आईच्या आवाजात आहे, हे नाशिकच्या शाळांत मुलांना डोंगरावर आणून सांगायला हवं.

इथून पुढे एक करा. जिथे लढवय्यी बाई भेटेल तिथे तिच्या चेहऱ्याआधी तिचे हात बघा. हातात काय दिलंय, काय काढून घेतलंय, तेवढंच.

याच डोंगरावर सतरा क्रमांकाचं लेणं आहे. ते खोदवणारा इंद्राग्निदत्त उत्तरेकडच्या दात्तामित्रीचा योनक, म्हणजे यवन. घरात बौद्ध धर्म, नावात इंद्र आणि अग्नी, बापाचं नाव धर्मदेव. त्याच्या लेण्याच्या उंबऱ्यावर उभे राहा आणि त्याच्या पूर्वजांच्या देशात चला. साडेसहाशे वर्षं मागे.

अथेन्स, इसवी सनापूर्वी ५३० च्या सुमाराला. कुंभारवाड्यात एक्सेकियस नावाचा चित्रकार एका मोठ्या मद्यकुंभावर काळ्या रंगात आकृत्या काढतोय. पुरुष काळे, बाईची कातडी पांढऱ्या रंगाने. अकिलीसने ॲमेझॉनची राणी पेंथेसिलियाच्या गळ्यात भाला खुपसलाय. त्याचा चेहरा शिरस्त्राणाआड गेलाय, तिचा मात्र उघडा आहे. अंगावर बिबळ्याचं कातडं आहे. ती कोसळतेय आणि दोघांची नजर एकमेकांत अडकलीय. कथा अशी की त्याच क्षणी तो तिच्या प्रेमात पडतो. हात बघा. शस्त्र तिच्या हातात आहे. चित्रकाराने ते काढून घेतलेलं नाही, फक्त ते उपयोगी पडू दिलेलं नाही.

वाड्यात फिरून दुसरी भांडी बघा. हेराक्लीस ॲमेझॉन राणीचा कमरपट्टा आणायला निघालाय. थिसियस एकीला पळवून आणतोय. बाई जितकी शूर, तितका तिला हरवणारा मोठा ठरतो, म्हणून तिला शूर दाखवणं भाग आहे. नंतर इराणी फौजा ग्रीसवर येऊन जातात आणि चित्रं बदलतात. ॲमेझॉनच्या अंगावर नक्षीदार विजारी येतात, टोकदार टोप्या येतात, पाठीला भाता येतो. पार्थेनॉनच्या पश्चिमेच्या बाजूला त्यांच्याशी लढणारे ग्रीक कोरले जातात, तेव्हा बघणाऱ्या प्रत्येकाला कळतं की या बायकांच्या रूपात पूर्वेकडचा शत्रू उभा केलाय.

आणखी एक गोष्ट नजरेतून सुटू देऊ नका. धनुष्य ओढता यावं म्हणून या बायका एक स्तन काढून टाकत, असं लेखक लिहितात. चित्रकारांनी आणि शिल्पकारांनी मात्र त्यांना कधीच तसं दाखवलं नाही. ज्याला तिची आकृती घडवायची होती, त्याने तिला पूर्ण शरीर दिलं. विकृती लिहिणाऱ्यांच्या डोक्यातली. काळ्या समुद्राच्या वरच्या मैदानांत पुरातत्त्वज्ञांनी उघडलेल्या थडग्यांत बायका निघाल्या, त्यांच्या शेजारी बाणांची टोकं आणि भाले निघाले. कित्येकदा आधी शस्त्रं बघून सांगाड्याला पुरुष ठरवलं गेलं होतं, हाडं तपासल्यावर ती बाई निघाली. कथेतल्या राणीला हरावं लागत होतं. थडग्यातली बाई आपल्या माणसांनी मानाने पुरलेली होती.

परत भारतात या, पण घाईने. मौर्य दरबारी आलेला ग्रीक वकील मेगास्थनिस सांगतो की राजा शिकारीला निघाला की रथांवर, घोड्यांवर, हत्तींवर हत्यारबंद बायका असत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजा झोपेतून उठतो तेव्हा भोवती धनुर्धारी स्त्रिया असाव्यात असं सांगितलंय. कालिदासाच्या शाकुंतलात दुष्यंताभोवती यवनी आहेत, हातात धनुष्य आणि गळ्यात रानफुलांच्या माळा. सहाव्या अंकात यवनी राजाला धनुष्य आणून देते. धनुष्य तिच्या हातात आहे खरं, पण ते आता त्याचं आहे. ती ते सांभाळते, वेळेवर पुढे करते आणि बाजूला होते. एवढी मोठी घोडेस्वारांची परंपरा नाटकात शिरली ती दरबाराची शोभा होऊन.

आता त्र्यंबकेश्वर. साल १८३० च्या आसपास, श्रावण. ब्रह्मगिरीवर ढग उतरलेत. याच डोंगरात गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना उपदेश दिला, इथेच निवृत्तिनाथांची समाधी, म्हणून घरोघरी नाथांचा मान. एका वाड्याच्या ओसरीवर समई लावून पोथी चाललीय. पुरुष ओसरीवर, बायका माजघरात दाराला टेकून. तुम्ही त्या दाराशी बसा. तिथून दोन्हीकडचं दिसतं.

गेल्या चातुर्मासात इथे जैमिनी अश्वमेधाची कथा झाली होती. अर्जुनाचा घोडा स्त्रियांच्या राज्यात शिरतो. राणी प्रमिला घोडा बांधून ठेवते आणि अर्जुनासमोर धनुष्य घेऊन उभी राहते. तिला जिंकणं काही जमत नाही. शेवटी आकाशवाणी होते, युद्ध थांबतं आणि लग्न ठरतं. पंढरपूरजवळच्या नाझऱ्याच्या श्रीधराने अठराव्या शतकात ही कथा मराठी ओवीत आणली आणि घराघरांत नेली. ऐकणाऱ्या बायकांना प्रमिला ठाऊक आहे. तिचं धनुष्यही ठाऊक आहे.

आज वाचतायत ते नवनाथ भक्तिसार, धुंडीसुत मालूने शके १७४१ मध्ये पुरं केलेलं. पुन्हा स्त्रीराज्यच, पण सगळं पालटलंय. राणी मैनाकिनी आहे, महाल आहे, सुख आहे आणि त्यात मच्छिंद्रनाथ रमलेत. गोरखनाथ वेष पालटून आत शिरतो, मृदंग वाजवतो आणि मृदंगाच्या बोलांतून गुरूला हाक घालतो. ओसरीवरचे पुरुष माना डोलवतात. मैनाकिनीचे हात बघा. धनुष्य नाही, भाला नाही, घोड्याचा लगामही नाही. तिच्या राज्यात पुरुष नसतात म्हटल्यावर वेशीवर पहारा कोण देतं, भांडण झालं तर कोण लढतं, पोथी यातलं फारसं सांगत नाही. प्रमिला अडवणारी होती, मैनाकिनी गुंतवणारी झाली. योग्याला हत्याराचं भय नव्हतं, मोहाचं होतं, म्हणून राणीला त्या भयाचं रूप मिळालं. गुरूला घेऊन गोरख निघतो आणि पोथीही त्याच्या मागोमाग निघते. राणीचं राज्य तसंच मागे पडतं.

माजघरातली एक म्हातारी शेजारणीला हळूच विचारते, "मग तिचं पुढं काय झालं गं?"

"मला काय ठावं आत्याबाई. उद्याच्या अध्यायात असंल."

तिचा प्रश्न रास्त आहे.

एक खूण लक्षात आली असेल. ग्रीकांच्या ॲमेझॉन काळ्या समुद्रापलीकडे राहत. आपलं स्त्रीराज्य कुणी हिमालयापलीकडे ठेवलं, कुणी दूर दक्षिणेत. लढणारी बाई नेहमी वेशीपलीकडची, परक्या मुलखातली. आता मागे वळून १७१० च्या सुमाराच्या वणीच्या सप्तशृंग गडावर या, म्हणजे ती वेशीच्या आत दिसेल.

गडाच्या अंगावर पायऱ्या बसवणं चाललंय. दगड चढवणारे बैल वळणावर थांबलेत, खाली नांदुरीचं रान हिरवं आहे. या पायऱ्या बांधवून घेतायत उमाबाई दाभाडे. तळेगावच्या दाभाड्यांची सून, खंडेराव दाभाड्यांची पत्नी, आणि माहेर? गडावरून दिसेल इतकं जवळ, कळवण तालुक्यातलं अभोणा. ठोके देशमुखांची लेक. लहानपणापासून हा डोंगर डोळ्यांसमोर आणि या डोंगरावरची देवी, अठरा हातांची.

वीस-बावीस वर्षं पुढे सरका. खंडेराव १७२९ मध्ये गेले. मुलगा त्रिंबकराव सेनापती झाला आणि १ एप्रिल १७३१ ला डभईजवळ बाजीराव पेशव्यांशी झालेल्या लढाईत मारला गेला. मराठ्यांनी मराठ्याला मारलं. शाहू महाराजांनी सेनापतिपद धाकट्या यशवंतरावाला दिलं, पण कारभार उमाबाईंच्या हातात आला. १७३२ मध्ये डाकोरला पिलाजी गायकवाडांचा दगा देऊन खून झाला, तेव्हा फौज घेऊन अहमदाबादवर चालून गेल्या त्या उमाबाई. साबरमतीकाठी तुम्ही धुळीत उभे आहात. मोगलांच्या बाजूने जोरावरखान बाबी लढतोय. विधवा बाई काय लढणार असं त्याने कळवलं होतं, असं सांगतात. पांढऱ्या वस्त्रात हत्तीवर बसून त्या पुढे आल्या, असंही सांगतात. शेवटी खान हटला अशी कथा आहे. साताऱ्यात शाहू महाराजांनी त्यांना सोन्याचे तोडे दिल्याची कथाही दाभाड्यांच्या मुलखात सांगितली जाते.

त्यांच्या कथेत आकाशवाणी नाही, लग्न नाही, प्रेमात पडणारा अकिलीस नाही. १७५० मध्ये त्या ताराबाईंच्या बाजूने नानासाहेब पेशव्यांविरुद्ध उभ्या राहिल्या, हरल्या, कैदेत पडल्या आणि १७५३ मध्ये गेल्या. बाजू चुकली की बरोबर होती यावर वाद घालता येईल. पण एवढं राजकारण आणि एवढी लढाई केलेल्या बाईचं चित्र आपल्या डोळ्यांसमोर का येत नाही, याचं मला दुःख आहे. ज्या पायऱ्यांवरून लाखो लोक चढले त्यांतल्या कितींना त्या कुणी बांधवल्या हे माहीत आहे?

चित्र कुणाचं येतं? चांदवडच्या रंगमहालात होळकरांच्या वैभवाच्या खुणा आहेत. त्या होळकरांच्या अहिल्याबाई डोळे मिटून आठवा. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर, तळहातावर शिवपिंडी. सैन्य, वसुली, न्याय असा सगळा राज्यकारभार तीस वर्षांच्या आसपास चालवलेल्या बाईच्या हातात चित्रकारांनी पिंडी ठेवली. भक्ती खरीच होती. पण बाकीचं कुठे गेलं? झाशीच्या राणीला तलवार मिळाली, तीही पाठीशी बांधलेल्या मुलासकट.

पडदा लावा. १९१३. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी बाई मिळाली नव्हती, तारामती झाले होते अण्णा साळुंके. आता मुक्काम नाशिकला हलवून ते 'मोहिनी भस्मासुर' करतायत आणि कॅमेऱ्यासमोर खरोखरीची मुलगी उभी आहे, कमलाबाई, पुढे गोखले. त्यांची आई दुर्गाबाई कामत पार्वती झालीय. भारतीय पडद्यावर आलेल्या या पहिल्या नायिकेने असुराचा नाश करायचा आहे, रिकाम्या हातांनी. ती नाचते, तो नाचतो आणि स्वतःचाच हात स्वतःच्या डोक्यावर ठेवतो.

१९३२ मध्ये प्रभातचा 'माया मच्छिंद्र' लागलाय. थेटरात विड्यांचा धूर, पुढच्या बाकांवर गलका. तीच पोथीतली राणी, इथे तिचं नाव किलोतळा. दुर्गा खोटे पडद्यावर येतात आणि गलका थांबतो, कारण राणीच्या शेजारी चित्ता आहे. खराखुरा, जिवंत. शांतारामबापूंनी पोथीतल्या मोहवणाऱ्या बाईला तिचा दरारा परत दिला. सिनेमाचं नाव तिच्या राज्याला माया म्हणतं, गोरखनाथ जिंकणार हेही ठरलेलंच, पण चित्त्याजवळ ताठ उभी असलेली ती बाई बघून पाठीमागच्या बायकांच्या बाकांवर काय झालं असेल याची कल्पना करा. चार वर्षांनी 'अमर ज्योती'त याच दुर्गाबाई समुद्रावरच्या बंडखोर टोळीची राणी झाल्या.

मधली वर्षं भराभर जाऊ द्या. अमेरिकेत १९४१ मध्ये ॲमेझॉनची लेक चित्रकथेत उतरली, २०१७ मध्ये वंडर वुमन होऊन नाशिकच्या मल्टिप्लेक्समध्येही आली, पॉपकॉर्नच्या डब्यांसकट. मुली खूश झाल्या, व्हाव्यातच.

तुम्ही मात्र २५ मे २०२२ ला उतरा. नाशिकच्या कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूलमध्ये छत्तीस लष्करी वैमानिकांना विंग्ज दिले जातायत. त्यांच्यासोबत कॅप्टन अभिलाषा बराक आहेत, लष्कराच्या आर्मी एव्हिएशन कोअरमधल्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक. हेलिकॉप्टरमध्ये दोन्ही हात सतत गुंतलेले असतात. डावा कलेक्टिव्हवर उंची सांभाळतो, उजवा सायक्लिकवर दिशा. गांधीनगर भागातल्या लोकांना पंख्यांचा आवाज नेहमीचा आहे. ती फेरी कोण मारतंय हे जमिनीवरून ओळखू येत नाही.

त्याच पावसाळ्यात सप्तशृंग गडावर दर्शन बंद झालं. देवीच्या मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या लावलेला शेंदूर थरांवर थर चढून जाड झाला होता. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली तो उतरवायचं काम चालू झालं. हा थर कुणी द्वेषाने चढवला नव्हता. प्रत्येक बोट भक्तीने फिरलं होतं. खानदेशातून उन्हातान्हात चालत येणाऱ्या बायकांची ती आई. नऊवारी, नथ, कमरपट्टा, मुखात विडा. मायेनेच तिला इतकं माखलं की दगडात कोरलेली रेष न् रेष आत गेली.

२६ सप्टेंबर २०२२. घटस्थापना. उमाबाईंच्या पायऱ्यांनी चढा, रोपवेने नको. पायथ्याशी महिषासुराचं मुंडकं बघून घ्या. अकिलीसच्या कथेत खाली पडलेली ती होती, इथे पडलेला तो आहे आणि त्याच्या पुढची सगळी चढण तिच्याकडे जाते. रांग हळूहळू सरकतेय. कडेवरची पोरं रडतायत, हळदीकुंकवाच्या पुड्या घामाने भिजल्यात, कुणीतरी जोरात जयजयकार करतंय.

आणि ती समोर येते. माणसापेक्षा उंच, कड्यातच कोरलेली. मान किंचित कललेली, समोरच्या मार्कंडेय डोंगरावरून ऋषी म्हणतायत ती सप्तशती ऐकतेय असं गडावरचे लोक सांगतात. चेहरा तुम्ही लहानपणापासून फोटोत पाहिलेला नाही, त्याआधीचा आहे. पण तुम्ही चेहऱ्याकडे नंतर बघणार आहात. आधी हात. माळ, परशू, गदा, बाण, वज्र, कमळ, धनुष्य. हो, धनुष्य. कमंडलू, दंड, शक्ती, खड्ग, ढाल. सेवेकरी पुढे सरका म्हणून ओरडतोय, मागची बाई कोपर लावतेय. शंख, घंटा, पानपात्र, त्रिशूळ, पाश, चक्र. अठरा झाले. आता सरका.